एकशे दहा अंश

हेडाऊकाकांचा गुडघा नव्वदवर अडतो.
माझ्या हातातल्या कोनमापकाकडे ते
मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहावं
तसे पाहतात.
"पायडल माराले किती लागते?"
एकशे दहा, मी म्हणते. निदान.
"म्हणजे वीसच तं कमी हाय."

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात
काका सायकलवरून कालवा तपासत फिरले.
पेंचचा उजवा कालवा, त्याच्या वितरिका,
वितरिकांच्या शेतात शिरलेल्या बारक्या लेकी.
तांडापेठेतल्या त्यांच्या खोलीत
फीचं पाकीट मी परत सरकवलं
तेव्हा त्यांनी गादीखालून नकाशा काढला:
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी खळीनं जोडून
शिसपेन्सिलीत.
त्यावर डांबरी रस्ता एकही नाही.
"डांबर कोनालेबी सापडते, मॅडम."

गेट तीन. कुत्रं. नाव मंत्री.
नावानं बोलावलं तर बसते.
टेकडीचा चढ, मुरूम सुटा,
उतरून चालावे, लाज नाही.
दुपारनंतर वारा तोंडावर.
मोहाच्या तीन झाडांनंतर खिंडसी दिसते.
येथे थांबणे.
थांबणे या शब्दाखाली दोन रेघा.

रविवारी गाडीच्या टपावर सायकल बांधून
मी मनसरला उतरवते.
हायवे मागे राहतो, आधी दिसेनासा,
मग बऱ्याच वेळानं ऐकू येईनासा.
चाकांखाली मुरूम वाजतो,
कुणीतरी शेजारी बसून सावकाश
फुटाणे खात असल्यासारखा.
डावीकडे पाणी, उजवीकडे सागाची वाळली पानं,
मधे मी, आणि माझा श्वास,
जो नागपुरात मला कधी भेटत नाही.
आठवडाभर मी लोकांचे सांधे ऐकते.
इथं रस्ता माझे ऐकतो.

मंत्री म्हातारा झालाय.
पण बसतो.

सोमवारी काकांना हिशेब द्यायचा.
गेट पाचचा पत्रा? गंजला.
सांडव्यावर बगळे? सात.
थांबलात? थांबले.
किती वेळ?
दहा मिनिटं, म्हटलं की त्यांचा चेहरा
थकबाकी राहिल्यासारखा.

मग माघात एकदा
गेट पाचच्या पुढे रोलर उभा दिसला,
पिंपं, चूल, झोपलेली दोन माणसं.
त्यापुढे रस्ता काळा, गुळगुळीत, कोमट.
फुटाणे खाणारा माणूस
मधेच उठून गेला.
पहिला टिप्पर आला तो हॉर्न देतच आला.
मी बाजूला झाले.
मोहाखालीही बाजूलाच उभी राहिले,
पाण्याकडे पाहायचं राहूनच गेलं.

"कसा हाय रस्ता?"
आहे तसाच, मी म्हटलं.

काका वॉकर घेऊन दारापर्यंत गेले.
भिंतीला टेकलेल्या माझ्या सायकलीच्या
मागच्या टायरवरून बोट फिरवलं.
लाल काहीच नव्हतं.
एक काळा खडा निघाला.
त्यांनी तो हुंगला,
शर्टाच्या खिशात टाकला,
चष्म्याच्या घरातून खोडरबर काढला
आणि पाचपासून मोहापर्यंतची रेघ
घासत बसले.
कागद जुना, पत्रिका आणखी जुनी,
घासता घासता पलीकडचं
कुणा शकुंतलाचं नाव वर दिसायला लागलं.
भुसा फुंकला.
मग अंबाळ्याच्या अंगानं, डोंगराला धरून
एक तुटक रेघ,
तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह.
"बैलगाडीची वाट होती एक. हाय का गेली, पाह्यजा."

माझ्या खोटेपणाबद्दल एक शब्द नाही.
पलंगावर आडवे झाले,
पाय दुमडला,
दात आवळून आणखी थोडा दुमडला.
"मोजा."

मी कोनमापक लावला.
हात थरथरू दिला नाही.
शंभर म्हणावंसं फार वाटलं.

चौऱ्याण्णव, मी म्हटलं.