काच तिरकी धरली तर

पाटी आमच्या आडनावाची : शिंत्रे फोटो स्टुडिओ, निपाणी.
आधी नुसती मराठीत,
मग वर कानडी आणि खाली बारीक मराठी.
नेमाण्णांचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं.

बेडकिहाळहून पहिल्या गाडीनं यायचे.
खिडकीपाशी उतरतं डेस्क, पायथ्याशी आरसा,
आरशात सकाळचं ऊन, वर दुधी काच,
आणि तिच्यावर निगेटिव्ह :
काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची
कुणाची तरी नवरी.

पेन्सिल ब्लेडनं तासून पॉलिश कागदावर फिरवायचे,
टोक कुठं संपलं ते दिसायचं नाही.
मी एकदा तिनं गृहपाठ केला, तेव्हा म्हणाले,
"लिवायची नव्हं ओ ही.
नुसती टेकवायची."

निपाणीत तंबाखूचा खकाणा कुठंही शिरतो.
डार्करूमला दोन पडदे, तरी ओल्या काचेवर बसायचाच.
एक कण म्हणजे
कुणाच्या तरी गालावर एक पांढरा ठिपका.
ब्रशच्या टोकानं ते प्रिंटवरचा ठिपका बुजवायचे
आणि तोंड बाजूला करून शिंकायचे.

अक्कोळच्या यशोदीचा स्थळासाठी फोटो.
तोंडभर देवीचे वण. आई म्हणाली, सगळे काढा.
नेमाण्णांनी काढले,
डाव्या भुवईपाशी तीन ठेवले.
बाबा चिडले. हे म्हणाले,
"दारात उभारल्यावर ही दुसरीच कोण म्हणतील की ओ."
आणि पुढची काच घेतली.

संकेश्वरच्या बाई आल्या, त्या एवढंच म्हणाल्या :
"कण्णु तेगीरी."
पोरगा घोंगडीवर निजलेला. फोटो काढला तेव्हा गेलेलाच.
बाबा कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिले, काढत राहिले.
नेमाण्णांनी तिला कानडीत विचारलं, हळूहळू, बराच वेळ :
चिडला की कसा बघायचा,
विहिरीत उडी टाकायच्या आधी कसा.
चार दिवस डेस्कवर रुमाल झाकलेला.
पाचव्या दिवशी तिनं प्रिंट बघितली,
पालथी करून पिशवीत घातली,
पैसे मोजून दिले
आणि जिन्यात बसून राहिली, दुकान बंद होईपर्यंत.

एका काचेला बारा आणे.
त्यांनी सव्वा रुपया मागितला. बाबा म्हणाले, बघू.
दुसऱ्या दिवशी डेस्क रिकामं,
डबीत पेन्सिलीचे तुकडे, लांबीप्रमाणे लावलेले.
कोल्हापुरात कुणीतरी बोलावलं होतं.

कॅमेरा तोच. जर्मन भिंग तेच.
पडद्यावरचा राजवाडा, कारंजं, मोर, सगळं तेच.
ऐन लग्नसराईत लोक प्रिंटा परत आणू लागले :
"हा आमचा म्हातारा नव्हं."
बाबा त्यांना प्रकाशाबद्दल सांगायचे. प्रकाश कुणी ऐकत नव्हतं.
दीड महिन्यानं ते स्वतः बेडकिहाळला गेले.
दिवस मावळायच्या आत जेवणारं घर,
यांनाही बसवलं पंगतीला, कामाचं काही बोलले नाहीत.
हात धुताना ठरलं :
दीड रुपया. आणि खिडकीला नवी काच.

आता मी माउस धरतो.
एका दाबात गाल बशीसारखा होतो,
गिऱ्हाईक खूश, मीही पैसे घेतो.

परवा माळ्यावरची पेटी काढली.
यशोदीची नात आली होती, आजीचा फोटो पाहिजे म्हणून.
काच उजेडात सरळ धरली, तर यशोदी.
जरा तिरकी केली
आणि चेहरा गेला,
नुसतं शिसं चमकलं :
बारीक, गुंतवळासारख्या रेघा,
कपाळ नाही, नाक नाही,
फक्त जिथं जिथं हात टेकला होता तेवढं.
डाव्या भुवईपाशी तीन जागा मोकळ्या.

"काय बघूलाय ओ?" नातीनं विचारलं.
मी काच तिच्या हातात दिली
आणि ती कशी धरायची ते दाखवलं.