खंडाचे कारण

शिष्यवृत्तीच्या अर्जात
रकाना अकरा : शिक्षणात खंड असल्यास कारण.
जागा दीड ओळ.
खार्कीव्हहून आलेली झोर्याना, जीवाणूंवर काम करणारी,
तिनं लिहिलं : लाइट गेली होती.

मला हसू आलं. म्हटलं, बाई,
लाइट आमच्या उचगावातही रोज जाते.
हेरवाडे म्हणाले, युद्ध म्हणून सविस्तर लिहा, जोडपत्र लावा.
तिनं पेनाला टोपण घातलं.

मग एका मंगळवारी सागरमाळची डीपी उडाली.
पंखे थांबले. अख्खा विभाग चहाला खाली.
मी सहीसाठी वर गेलो तर
उणे ऐंशीच्या फ्रीजरला पाठ लावून ती उभी,
हात मागं, दार दाबून,
आत कुणी निजलेलं असावं तशी.
‘उघडू नका’ म्हणाली. मराठीत.
एवढंच शिकली होती बहुतेक.

घड्याळाकडं बघत होती.
मीही बघत राहिलो.
एक तास दहा मिनिटं. सही राहिली.

खाली आलो, अकरावर शिक्का मारला.
शाई जरा पसरली.
हेरवाडे म्हणाले, आणि कारण?
म्हटलं, लिहिलंय की.