अकरा सेकंद

शाहूपुरीत, मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीवर
चौगुलेबाई सकाळी सव्वानऊला
माझ्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारायच्या
आणि पडदा गप्प.
अकरा सेकंद नुसता गप्प.
मग पुन्हा टिचकी, पुन्हा, पुन्हा,
शेवटी सातही खिडक्या एकदम उघडायच्या
आणि मला फोन :
"मेलंय न्हवं तुमचं हे!"

मेलं नव्हतं.
आत सोळा हंगामांची खाती उलगडत होतं,
कुणाचे किती रवे, किती तोलाई, किती उचल.
फक्त कुणाला सांगत नव्हतं.

म्हणून राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, रात्री जागून
मी एक काहील काढली.
खाली जाळ, वर रस, रसावर बुडबुडे.
त्यासाठी वडणग्याच्या गुऱ्हाळावर जाऊन आलो,
वाफेत फोन धरून उभा राहिलो.
गुळव्याला चित्र दाखवलं तर हसला,
"ह्यो बुडबुडा दोनदा फुटला की, त्याच जाग्याला.
उकळी अशी पाठ करून येत नसतीया."

बुडबुडे विस्कटले.
तरी तिसऱ्या सेकंदाला काहील थिजायची,
बुडबुडा अर्धा वर, जाळ दगडाचा.
दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं :
जो खाती काढत होता
त्यालाच मी जाळ हलवायला लावला होता.
रांधणाऱ्यानंच दारात उभं राहून
पाहुण्यांना बसा बसा म्हणायचं, कसं जमावं?

आमचे अण्णा उद्यमनगरात लेथवर होते.
जेवायला कधी येताय, असा निरोप धाडला
तर उत्तर यायचं नाही. टूल जॉबला टेकलेलं असायचं.
ते गप्प राहणं म्हणजे राग
असं आई किती वर्षं धरून चालली होती.

दोन धागे केले.
एक कामाचा.
एक नुसता सांगणारा : आहे मी, चाललंय, थांबा.

टक्के ठेवले नाहीत. आधी ठेवले होते,
नव्व्याण्णववर येऊन चार सेकंद बसायचे.
बाई म्हणाल्या, "आमच्या गिऱ्हाइकागत झालंय,
उद्या देतो म्हणणाऱ्या."
पुसले.

या दिवाळीत अडतीवर नवी डिस्क बसवली.
आता दीड सेकंद. काहील दिसली न दिसली.
फोन आला, मी सावरून बसलो.
"झ्याक झालंय," म्हणाल्या,
"पण चष्मा पुसायला वेळच गावंना.
उदबत्ती तर तशीच राहतीया."

मग चष्मा आधी पुसा की, मी म्हणालो.
"आधी?"
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मीही नाही.
त्यांच्या मागं कुणी हमाल रवे मोजत होता,
लाभ, दोन, तीन, चार…
तेवढ्यावरून कळत होतं
फोन चालू आहे.