खर्ज

अल्बम दोन बाजूंचा. पहिल्या बाजूला पाच गाणी,
एल्रॉयची. त्यांत ड्रम्स आहेत,
पण त्याचे नाहीत.
नवा पोरगा घड्याळासारखा वाजवतो;
एल्रॉय केसभर उशिरा यायचा,
चार जिने चढून आल्यासारखा,
आणि आम्ही त्या उशिरावरच उभे असायचो.

त्याला डेंग्यूने नेलं, चार दिवसांत.
हॉल व्हिलेजच्या क्रॉसपाशी त्याच्या आईने
माझ्या हातात काड्या दिल्या. 'घे गो,
घरात राहिल्या तर मीच वाजवत बसेन.'

मंगिरीश आठ महिन्यांनी.
चंदनवाडीत फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता.
भावाने लिहिलं : खाजगी नोकरी.
मी पेन मागितलं नाही.
त्याचं आता गाणं झालंय, दुसऱ्या बाजूचं तिसरं,
तिथे माझा आवाज फाटतो
आणि मी तो शिवून घेतलेला नाही.

मिक्सिंगला झुबिन. म्हणाला,
'या बाजूला बास कोण वाजवणार?'
कुणी नाही.
'पोकळ वाटेल. लोक म्हणतील, स्पीकर बिघडलाय.'
म्हणू देत.
उठून वायरी तपासू देत, कपाटामागे हात घालून,
जाळीला कान लावून बघू देत.
मी वर्षभर दुसरं काय केलं?

कुर्ल्याच्या आमच्या खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत,
तरी पलीकडच्या सावेकाकू अकरा वर्षं
भिंत बडवत आल्या, रात्री दहाच्या ठोक्याला.
परवा शेवटचं गाणं घेत होतो. दहा वाजून गेले.
भिंत गप्प.
मग काकूच दारात, हातात लसूण, अर्धा सोललेला.
'तो धम्म धम्म करणारा कुठाय?
मांडणीवरची भांडी हल्ली हलत नाहीत माझी.'

सांगितलं.
काही बोलल्या नाहीत. गेल्या.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलं,
आणि दुसऱ्या कडव्यानंतर,
जिथे मंगिरीश एकटा खाली उतरत जायचा,
भिंतीवर एक थाप आली.
थांबून, आणखी एक.
तालात नव्हती. केसभर उशिरा.

झुबिनने विचारलं, 'हे काढायचं ना?'

मी उठून पंखा लावला.
दारातली लसणाची सालं
खोलीभर झाली.