पोटरी

कोपरखैरण्यात आतल्या गल्लीत
तळमजला भाड्याने, पहिला मजला भाड्याने,
मग लोखंडी जिना, एवढा उभा
की चढताना कागद दातांत धरावे लागतात.
वर सर्जेराव शेलार. वय अठ्ठ्याहत्तर. गाव मेढ्याच्या वर.
कांदा-बटाटा मार्केट, टोळी नंबर एकशे बारा.
दारामागे माथाड्याचा हूक, आता दोरीला बांधलेला.

माझ्याकडे सहा प्रश्न, आरोग्य केंद्राचा शिक्का मारलेले.
साठीपुढचे सगळे, घरोघर. आजचं हे अकरावं घर.

तीन महिन्यांत जेवण कमी झालं का?
"जेवतो की. सून म्हाप्याला कंपनीत जाती,
पण सगळं करून जाती. नाव ठेवायला जागा न्हाई."
ओट्यावर डबा. मी झाकण उचललं.
चार चपात्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. दुपारचे साडेतीन.
एक गुण.

वजन उतरलं का?
"काट्यावर पोती चढली. मी कवा चढलो?"
माहीत नाही, असा एक रकाना आहे. एक.

घराबाहेर पडता?
ते जिन्याकडे बघतात. मीही.
एक.

मोठं दुःख, मोठं आजारपण, तीन महिन्यांत?
"तिला जाऊन पाच झालं."
कागद तीनच महिने विचारतो.
मी 'नाही'वर खूण केली. नाहीचे दोन गुण मिळतात.

विसरायला होतं का?
त्यांनी गाळ्यांचे नंबर सुरू केले, आडत्यांच्या नावांसकट,
कोण काट्यात मारायचा, कोण चहा पाजायचा.
मला थांबवावं लागलं. दोन.

उरली उंची.
वाकलेल्या पाठीची उंची कशी घेणार?
म्हणून टेप. लेंगा गुडघ्यापर्यंत, पाय सैल सोडा, बाबा.
पोटरीच्या सगळ्यात जाड जागी फिरवायचा असतो.
ती जागा मी शोधत राहिले.
एकोणतीस. एकतीसच्या खाली शून्य.
"शंभर किलोची गोण हिच्यावर उभी ऱ्हायची,"
दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसं बघत म्हणाले.

"किती झालं?"
सात. चौदापैकी.
"म्हंजी निम्मं. पास की!
नातू पस्तिसाला पेढं वाटायच्या तयारीत हाय."

मी हसले. मग विचारलं, रात्री काय जेवता?
बराच वेळ पंख्याचा आवाज.
"रातीला न्हाई जेवत. पाणीबी न्हाई.
उठावं लागतं गं. खोली एक.
चौघं खाली झोपत्यात, पोराची बारावी,
अंधारात कुणाच्या हातावर पाय पडायचा."

यासाठी रकाना नव्हता.
कागद उलटा करून लिहिलं:
रविवारी सुनेला भेटणे.
खाटेजवळ भांडं?
संध्याकाळी सहाला, उजेडात, मऊ भात, अंडं.
अक्षर वाकडं आलं, कागद मांडीवर होता.

निघताना म्हणाले, पिशवी ठेव.
त्यात वजनकाटा, बीपीचं मशीन, रजिस्टर.
दुधाची पिशवी वर घ्यायचा तो हूक
त्यांनी बंदात अडकवला, दोरी मनगटाला एक वेढा,
आणि कठड्यावरून सोडली,
कुठे धक्का नाही, भिंतीला घासणं नाही.
"साडेचार किलो," वरून ओरडले, "वर थोडं!"

केंद्रात येऊन पिशवी मोठ्या काट्यावर ठेवली.
चार किलो सहाशे.