हळद्या

वॉर्ड हॅलिडन हे नाव
अंबय्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही.
तो त्याला हळद्या म्हणायचा.
चेहऱ्याला पहिला हात पिवडीचा लागतो, म्हणूनही असेल.

चंद्रकला टॉकीजच्या मागे, जिन्याखाली,
दहा बाय वीसचं मांजरपाट ताणलेलं.
मी खडूची दोरी झटकून चौकटी पाडायचो,
हैद्राबादहून पेटीतून आलेल्या तळहाताएवढ्या फोटोवरही
तेवढ्याच, पेन्सिलीनं.
एका चौकटीत डोळा, दोन चौकटींत हॅट.
साखर पेठेतले माग खडखडत असायचे,
त्याच ठेक्यावर ब्रश.

पहिल्या पिक्चरमध्ये हळद्या मरणाऱ्यांत तिसरा होता.
फोटोत कडेला, अर्धाच.
अंबय्यानं त्याला पुरा केला,
घोड्यावरून पडताना.
मॅनेजर तोरगलकर ओरडले, हा कोण बे?
अंबय्या म्हणाला, पडतो चांगला.

मग तो शेरीफच्या हाताखाली लागला,
मग शेरीफ,
मग चाळिशी उलटल्यावर एकदाचा हिरो.
लोक म्हणाले, नशीब.
आम्ही त्याच्या सुरकुत्या एकेक करून वाढवल्या होत्या.
त्याचं वाळवंट आणि आमचा मे महिना
एकाच डब्यातून निघायचे:
पिवडी, सफेदा, चिमूटभर गेरू.

अंबय्यानं एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिला नाही.
मध्यंतराला उठायचा, पुढच्या शुक्रवारचं कापड कोरं असायचं.
शेवट काय होतो, मी सांगायला गेलो तर म्हणाला,
माहीत आहे. तो जातो. पाठ दिसते.
पाठ काढायचे पैसे कोण देतो?

दर गुरुवारी रात्री सफेदा मारून
त्याच कापडावर दुसरा कुणी.
सात-आठ हिरोंच्या खाली हळद्या झोपला.
घोड्यांचे पिक्चर यायचे थांबले,
नंतर सगळेच थांबले,
चंद्रकलाचं मंगल कार्यालय झालं.
कापड विडीच्या कारखान्यात तेंदूपानांवर झाकायला गेलं.

मकबूल बागवानाच्या रद्दीत
परदेशी मासिकांचे गठ्ठे यायचे, किलोवर.
त्यात हा सापडला. पांढऱ्या भुवया, तीच हनुवटी.
मी स्पेलिंग लावत लावत वाचून दाखवलं:
शेवटी कवळीच्या जाहिरातीत हसायचा,
आणि तीस वर्षं, दोन शॉटच्या मध्ये,
घोड्यांच्या गाडीमागे बसून चित्रं काढायचा.
कुणाला दाखवली नाहीत.
चार चित्रं छापली होती. एकातही माणूस नाही.
एक फाटक. पाण्याचा हौद. खोगीर नसलेला घोडा.
चौथ्यात नुसतं ऊन.

अंबय्यानं चष्मा पुसला.
चित्रं नाही, आधी हात बघितले त्याचे.
नखांत निळा आहे, म्हणाला. खरा आहे हा.
मग बराच वेळ घोडा.
मागचा पाय चुकलाय.
पान मिटलं, परत उघडलं.
चुकू दे.

तेव्हा तो नंबरप्लेटा रंगवायचा,
आकडा आठ थरथरायला लागला होता.
कारखान्यात जाऊन जुनं कापड मागून आणलं,
दोन बिड्यांची बंडलं देऊन.
उन्हानं पापुद्रे सुटलेले,
कुणाच्या मिशीखालून कुणाचं कुंकू,
आणि एका कोपऱ्यात हॅटची कड, आमच्याच हातची.

दोरी झटक, म्हणाला.
फोटो?
फोटो नको.

तीन दिवस लागले.
जुन्या गिरणीचं धुराडं, त्याच्या पलीकडे माळ,
माळावर लांब, घोडा नसलेला एक माणूस, पाठमोरा.
खांदा जरा उतरलेला, डावा.
डावा अंबय्याचाही उतरलेला आहे,
पण ते मी बोललो नाही.

कोपऱ्यात सही करायची का, विचारलं.
थांब, म्हणाला, अजून बरंच जायचंय त्याला.

रॉकेल आता रेशनवर मिळत नाही.
हात तसेच राहिले.
भाकरी मोडताना बघितलं,
नखांत पिवडी.