पंधरा यार्ड

सोमवार ते शुक्रवार मी सॅन्डस्कीत
म्हाताऱ्यांच्या कानांत यंत्रं बसवतो.
रविवारी सत्तर हजार माणसं
मला आंधळा म्हणतात.
दोन्ही कामांत ऐकून घ्यावं लागतं.

कमरेला पिवळं फडकं. त्याच्या एका टोकात
लोर्नानं मक्याचे दाणे शिवलेत, चिमूटभर,
म्हणजे सरोवरावरून कितीही वारा सुटला
तरी टाकलेलं तिथंच पडतं.
पूर्वी छर्रे भरायचे.
मग कुणाच्या तरी मनात आलं
की निदान फडकं तरी कुणाला लागू नये.

आज तिसऱ्या क्वार्टरमध्ये
ब्रॅडवेल मधून पळत आला,
नजर मागं, चेंडू अजून हवेत,
आणि समोरून घरच्या संघाचा तो पोरगा,
डोकं खाली घालून.
हेल्मेटवर हेल्मेट.
तीस वर्षं मी आवाज मोजतोय,
हा कुठल्या रेघेवर मांडू?
माझ्याआधी माझा हात कमरेकडे गेला.

सत्तर हजारांनी माझ्या आईचा उद्धार केला.
मोठ्या पडद्यावर तोच फटका,
सावकाश, मग आणखी सावकाश.
इतकं सावकाश पाहिलं
की कुणीही गुन्हेगार दिसतो.
कोच धावत आला: त्यानं ऐन वेळी मान वळवली,
नाहीतर खांद्यालाच बसला असता!
खरं आहे, म्हटलं,
आणि पंधरा यार्ड मोजत चालू लागलो.

ब्रॅडवेल उठला. मी ठीक आहे, म्हणाला,
आणि निघाला
समोरच्या संघाच्या बाकाकडे.
मी दंडाला धरून त्याला वळवलं.
निळ्या तंबूत डॉक्टरीणबाई विचारत होत्या,
महिने उलटे सांग बरं.
डिसेंबर, नोव्हेंबर,
मग पडदा पडला, पुढचं ऐकू आलं नाही.

रॅन्डल प्रुइट पडला तेव्हा तंबू नव्हता.
सत्त्याण्णव साल. चिखल. मी नवखा,
मिशी राखायचो, वय दिसावं म्हणून.
तो उताणा पडला
आणि त्याचा डावा हात हवेत ताठ राहिला,
वर्गात उत्तर येणाऱ्या पोरानं
वर करावा, तसा.
लोक बाकांवर उभे राहून नाचत होते.
मीही, खोटं कशाला बोलू,
मनातल्या मनात वा म्हणालो.
फडकं कमरेलाच.
तसा नियमच नव्हता.
दोन खेळी बाहेर बसला, तिसऱ्या खेळीला परत आला,
तेव्हाच्या टाळ्या अजून आठवतात.

पुढे नियम छापून आला.
मी ते पान दुमडून ठेवलं,
आणि दर उन्हाळ्यात परीक्षेत
त्या प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिलं.

या मार्चमध्ये ओडेसा प्रुइट
नवऱ्याला घेऊन माझ्या दुकानात आली.
ह्यांना ऐकू येत नाही, म्हणाली,
सकाळी सांगितलेलं दुपारी विचारतात.
मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं,
कानांवर हेडफोन चढवले.
आवाज आला की हात वर करायचा.
त्यानं डावा केला.
बारीकातला बारीक सूर,
जो मला स्वतःला येत नाही,
त्यालाही केला.
शेवटी मी यंत्र बंद केलं,
तक्त्यावर तारीख घातली, सही केली,
वर पाहिलं तर काचेपलीकडे
हात अजून तसाच.

कान ठणठणीत आहेत, मी म्हणालो.
ओडेसानं पर्स पोटाशी धरली.
कानच असू देत,
एवढंच मागत आली होती ती.
मी पैसे घेतले नाहीत,
तिनं का ते विचारलं नाही.

दारात त्यानं माझा हात हातात घेतला,
केवढा पंजा, अजूनही.
तुम्ही कधी खेळलात का फुटबॉल?
नाही, म्हटलं.
मी जवळ उभा असायचो.